पलीकडून धरलेला पाना

"ठीक?" नागासेनं बोल्टावर बोट रोखून विचारलं.

"ठीक!" फ्लँजच्या पलीकडून उत्तर आलं.

दोन जाड पाइप जिथं तोंडाला तोंड लावून जोडतात, तिथला फ्लँज आवळायला दोघं लागतात. एकानं अलीकडून बोल्ट फिरवायचा, दुसऱ्यानं पलीकडून नट पान्यानं धरून ठेवायचा. नाहीतर नट नुसताच फिरत राहतो. प्रत्येक बोल्टाकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारायचं. उत्तर आल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

आज पलीकडे तोमोदाची पाळी होती. जपानच्या सेतो समुद्रावरचं धुकं कारखान्याच्या पाइपांच्या रांगांत इतकं शिरलं होतं, की नागासेला त्याच्या पान्याची दांडी तेवढी दिसत होती. पाना जराही हलत नव्हता.

"आज हात चांगला बसलाय रे तुझा," शेवटचा बोल्ट आवळून नागासे म्हणाला. "बायकोनं जेवायला घातलं वाटतं."

"कधी घातलं?" आवाज मागून आला. तोमोदा शिडी चढून येत होता, हातात गरम कॉफीचे दोन डबे. "रागावू नका मिस्त्री. तुम्ही जोडात गॅस्केट बसवत होतात, म्हटलं पटकन जाऊन येतो. चला, करूया सुरू."

हातोडी घेऊन नागासे एकेका बोल्टावर ठोकत गेला. सैल बोल्ट बद्द वाजतो. सगळे खणखणीत वाजले. मग त्यानं पलीकडे वाकून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. प्रत्येक नटावर आवळल्याची पांढरी खूण होती, अजून ओली. एक रेघ नव्हे, शेजारी शेजारी दोन.

तोमोदाच्या हातून डबा सुटला.

"दोन रेघा तर मिवादादा ओढायचे."

मिवा गेल्या वर्षी इथंच गेला. बंद लाइन सुरू करताना पहिल्या वाफेलाच जोड फुटला. वाफ सोडण्याआधीचा भोंगा सगळ्यांनी ऐकला होता. पलीकडे वाकलेल्या मिवाला तो ऐकू गेला नाही, आणि हाक कुणी मारली नाही.

आताही भोंगा झाला.

"मिस्त्री, खाली चला! वाफ सोडतायत!" तोमोदानं त्याची बाही ओढली.

नागासे हलला नाही. उघड्या तोंडाचा पाना हात सोडला की पडतो. शेवटच्या नटावरचा पाना अजून पडला नव्हता.

दूर कुठंतरी पाइप खडखडू लागला. तोमोदा शिडीकडे धावला.

"मिवा," नागासे ओरडला, "वाफ येतेय. बाजूला हो रे बाबा!"

पाना नटावरून निघाला. खाली लोखंडी जाळीवर फडकं घडी करून ठेवलेलं होतं, त्यावर अलगद टेकला. मग जड बूट वाजू लागले, सावकाश, पलीकडच्या शिडीच्या दिशेनं.

ते पार खाली पोचेपर्यंत नागासे जागचा हलला नाही.