कारणे लिहा

"कारणं पाच," पंढरीनाथ म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताची बोटं पुढे केली. इस्लामपूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या या माणसाला जपानला येऊन आठ दिवस झाले होते, आणि आज पहिल्यांदाच इथे त्यांना काहीतरी येत होतं.

ग्योतोकुमधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये टेबल एकच. एका बाजूला नात सलोनी, उद्याच्या परीक्षेसाठी इंग्लंडपासून फुटलेल्या अमेरिकेतल्या तेरा इंग्रज वसाहती घेऊन. दुसऱ्या बाजूला मुलगा विजयकुमार, जपानच्या नागरिकत्वाचा अर्ज घेऊन. जपानी का व्हायचंय, हे सरकारला अर्जदाराच्याच हस्ताक्षरात हवं होतं आणि खाडाखोड चालत नव्हती. हा त्याचा चौथा कागद. अर्ज मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करायचा. त्या कागदाकडे न बघण्याचं काम पंढरीनाथ सकाळपासून इमानेइतबारे करत होते.

चहावरचा कर झाला. पार्लमेंटात जागा नाही, हे झालं. तिसऱ्या बोटाशी सलोनीनं तिच्या जपानी-इंग्रजी-मराठी खिचडीत अडवलं.

"एत्तो... आजोबा, बट दे वेअर इंग्लिश, ना? ते स्वतःच इंग्लिश होते."

"होते."

"मग इंग्लिश नाही, असं कधी झालं? व्हॉट डे?"

"चार जुलै सतराशे शहात्तर," पंढरीनाथ ताडकन म्हणाले.

"तेव्हा लिहिलं. पण त्याच्या आधी कधीतरी वाटलं असणार ना? नाहीतर लिहितील कसं?"

पंढरीनाथांचं बोट तसंच उभं राहिलं. आपल्याकडे सोपं होतं. परके आले, परके गेले. इथे तर तीच माणसं त्याच घरांत राहिली आणि कधीतरी कुणी वेगळीच झाली. बत्तीस वर्षांत एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःलाही नाही. ते गोंधळले. नातीसमोर गोंधळल्याची लाज वाटून आणखी गोंधळले.

समोर विजयकुमारचं पेनही थांबलं होतं.

"तू काय लिहिलंयस?" त्यांनी अखेर मुलाला विचारलं.

विजयकुमारनं कागदावरची नजर उचलली नाही. "इथल्या त्या मोठ्या भूकंपानंतर कंपनीनं आम्हाला भारतात पाठवलं होतं ना, नाना. चौथ्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, आता घरी कधी जायचं? ते लिहिलंय."

पंढरीनाथांना ते जेवण आठवत होतं. आमटी तेच वाढत होते. पोरगं घाबरलंय, जीभ घसरली, असं समजून त्यांनी आणखी डावभर वाढली होती. घर म्हणजे कुठलं, हे विचारायचं राहूनच गेलं. आता ते आत कुठेतरी फार दुखलं, पण राग कुणावर धरायचा ते कळेना.

"सलोनी, लिहून घे," ते म्हणाले. "त्या लोकांनी राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी लिहिल्या होत्या. आपण का सोडतोय, हे जगाला समजावं म्हणून." मग ते मुलाकडे वळले. "माझ्याविरुद्ध किती लिहिल्यास?"

"तुमच्याविरुद्ध? एकही नाही, नाना. असं काय विचारता?"

"बरं, देशाविरुद्ध?"

"नाही हो. काहीच नाही."

पंढरीनाथांनी पहिल्यांदाच त्या कागदाकडे नीट बघितलं. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

"मग एखादी तरी लिही रे," ते म्हणाले. "मला कळेल तरी."