धबधब्याची सोपी वाट

“वाट सोपी हाय ना?” विमलबाईंनी विचारलं.

“अगदी सोपी. घरामागनं निगालं की अर्ध्या तासात धबधबा,” बनुबाई म्हणाल्या. “ल्हान लेकरंबी जात्यात.”

विमलबाईंना हेच हवं होतं. मुलाला, राधाकृष्णाला, घेऊन त्या केडगावहून अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या या गावी मुलगी बघायला आल्या होत्या. मुलगी चांगुणा दिसायला नीटस होती, मॅट्रिक झालेली. पण मध्यस्थाने कानात सांगितलं होतं की लहानपणी ती जांभळीवरून पडली होती, पायाचं तेवढं बघून घ्या. घरातल्या घरात चार पावलं काय, कुणीही नीट चालतं. अर्धा तास जंगलातून चालवली की खरंखोटं आपोआप कळणार होतं.

मुली पारखण्यात विमलबाईंचा हात धरणारं केडगावात कुणी नव्हतं. आजवर त्यांनी पाच मुली नापास केल्या होत्या. पाचही घरी पोहे खाल्ले, “घरी जाऊन कळवतो” असं गोड आवाजात सांगितलं आणि आठवड्याने नकाराचं कार्ड टाकलं. पिशवीतला ओटीचा नारळ पाचही वेळा केडगावला परत आला.

निघताना चांगुणाचे वडील रंभाजी दारात आले. “या खेपेला तरी जमू दे,” असं पुटपुटत त्यांनी हात जोडले. देव्हारा आत होता. त्यांचं तोंड मात्र अंगणात वहाणा घालणाऱ्या लेकीकडे होतं. बापाचा जीव, दुसरं काय, असं विमलबाईंना वाटलं.

दसरा होऊन गेला होता तरी डोंगरातलं पाणी आटलं नव्हतं. खाचरं ओलांडून चौघं झाडीत शिरली. बनुबाई चांगुणाची विधवा आत्या. आईविना पोर त्यांनीच वाढवलेली, त्यामुळे सोबतीला त्याच आल्या होत्या.

“आधी तीन स्थळं आल्ती म्हनं,” विमलबाईंनी विषय काढला.

“आल्ती. त्यास्नीबी हितंच आनलं हुतं.”

“मग?”

“न्हाई जमलं,” बनुबाई म्हणाल्या आणि वाटेतली फांदी बाजूला केली.

विमलबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि चांगुणाच्या पावलांवर नजर खिळवली.

पायवाट अरुंद झाली तशी चांगुणा बाजूला सरली. “तुमी व्हा म्होरं,” ती राधाकृष्णाला म्हणाली. नगरला कारकून असलेला राधाकृष्ण नवे बूट घालून आला होता. तो पुढे झाला. मागून चांगुणा चालत होती, घाई नाही, बोलणं नाही.

वाटेत जंगल खात्याची पाटी लागली. “पाव्हणं, काय लिवलंय वाचा बरं,” बनुबाई म्हणाल्या. “मला अक्षर येत न्हाई.”

राधाकृष्णाने डोळे बारीक केले. मग आईकडे न बघता खिशातला चष्मा काढला आणि पाटी वाचली. चष्मा पुन्हा खिशात गेला. विमलबाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

थोडं पुढे बनुबाईंच्या भाकरीच्या पिशवीचा बंद तुटला. त्यांनी कनवटीतून सुई-दोरा काढला. “माजी नजर गेली. ओवून द्या की.” राधाकृष्णाने दोनदा प्रयत्न केला, वैतागला आणि सुई आईच्या हातात दिली.

पुढे कडा लागला. “हितनं वरडून नाव सांगितलं की डोंगर परत सांगतो,” चांगुणा म्हणाली. “पुरं नाव सांगा हं.” राधाकृष्णाने आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सांगितलं. डोंगराने ते इमानदारीने परत केलं. चांगुणा खुदकन हसली, आणि पोरगी हसरी आहे हेही विमलबाईंनी टिपून ठेवलं.

पाय तर दोन्ही ठणठणीत होते. चढावर पोरगी शेळीसारखी चढत होती.

शेवटी ओहोळ आला. राधाकृष्ण बूट हातात धरून पलीकडे गेला आणि दगडावर बसून बूट पुसू लागला. विमलबाई मधल्या शेवाळलेल्या दगडावर आल्या आणि त्यांचा पाय सटकला.

“आई, सांभाळून!” राधाकृष्ण बसल्या जागेवरून ओरडला.

चांगुणा तोवर पाण्यात उतरली होती. गुडघाभर पाण्यात पाय रोवून तिने विमलबाईंना कमरेला धरलं, पलीकडे नेलं, खाली बसवलं आणि त्यांच्या लुगड्याचा काठ पिळून दिला. “लागलं का हो?” तिने विचारलं. विमलबाईंना भरून आलं. इतकी वर्षं त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

समोर धबधबा कोसळत होता. चांगुणा त्याच्या थेट खाली जाऊन उभी राहिली आणि तुषार झेलत मोठ्याने हसली. तिला बघून विमलबाईंनाही हसू आलं. पाच घरं हिंडून जे सापडलं नाही ते या डोंगरात सापडलं होतं. काय तो मध्यस्थ आणि काय त्याची जांभळी!

त्यांनी पिशवीत हात घातला आणि पहिल्यांदाच नारळ बाहेर काढला.

“बनुबाई, पोरगी पसंत हाय. तुमच्या भावाला सांगा, जमलं. हुंडा नको, मानपान नको. मला हीच सून पायजे.” आवाज धबधब्याच्या वरताण होता.

राधाकृष्णाने खूश होऊन भांग नीट केला.

बनुबाईंनी नारळ घेतला नाही. त्यांनी वळून चांगुणाकडे पाहिलं. चांगुणाने ओल्या केसांवरून हात फिरवला, अजून दगडावरच बसलेल्या राधाकृष्णाकडे एकवार बघितलं आणि आत्याकडे बघून मान किंचित आडवी हलवली.

बनुबाईंनी नारळ हळूच विमलबाईंच्या पिशवीत परत ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, “पोरगा चांगला हाय हो. आमी घरी जाऊन कळवतो.”