बिघाड चालू आहे

तीन वाजून दहा मिनिटांनी मेल सुरू झाले. तीन वाजून वीस मिनिटांनी हवामान कार्यालयातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, की ते सुरू झालेलेच नाहीत.

सगळ्यांनी म्हणजे ताई सोडून. ताई तेव्हा खाली गेली होती, तुमचे तरी मेल येतायत का, असं विचारायला. खाली शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तरी सकाळपासून ही तिची चौथी फेरी. मधल्या वेळात तिने स्वतःच्याच पत्त्यावर अठरा मेल टाकून पाहिले होते. ‘ताई, मी ताई. पोचलं का?’ एकही पोचला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ बेटावरच्या केंद्रात निरीक्षक होता. एकटाच. रोज बारा वाजता त्याचा फॉर्म मेलने यायचा: तापमान, वारा, दृश्यता, केंद्रावर उपस्थित माणसं, शेरा. उपस्थित माणसांच्या रकान्यात तो सात महिने न चुकता ‘एक’ लिहीत होता. शेऱ्यात ताईसाठी काहीबाही. काल लिहिलं होतं, ‘वाऱ्याने टोपी नेली. टोपीची रजा मंजूर.’

तीन दहाला तुंबलेले मेल भडाभडा आले. त्यात बाराचा फॉर्म होता. साहेबांनी तो उघडला.

तापमान उणे चार. वारा वायव्येकडून. दृश्यता उत्तम. उपस्थित माणसं: शून्य. शेरा: ताईला सांगू नये.

“हा आपोआप जातो का हो?” नकाशे काढणारीने विचारलं.

“नाही,” वायरकाका म्हणाले. ऑफिसातली प्रत्येक वायर त्यांच्या ओळखीची होती. “हाताने भरायचा, मग बटण दाबायचं. दोनदा. ‘नक्की का?’ म्हणून विचारतं ते.”

साहेबांनी केंद्राला फोन लावला. चौथ्या रिंगला तो उचलला गेला. पलीकडे नुसता वारा. साहेब तीनदा हॅलो म्हणाले. मग पलीकडून कोणीतरी, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच फोन ठेवला.

साहेबांनी दुसरा फोन बंदरावर केला.

“बोट निघतेय,” ते म्हणाले. “पोचायला उद्या सकाळ. तोवर मेल बंद आहेत.”

“पण साहेब, चालू झालेत.”

“तुला दिसतायत?”

नकाशेवालीने स्क्रीनकडे पाहिलं. मग खिडकीकडे. “नाही.”

शेऱ्यातली सूचना ही शेवटी कार्यालयीन सूचनाच. वायरकाका ताईच्या टेबलाखाली शिरले, तिची वायर काढली आणि खिशात घातली.

ताई वर आली. “शिंप्याकडे पण नाहीत,” ती म्हणाली. “मोठाच बिघाड दिसतोय.”

“फारच मोठा,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात नकाशेवालीच्या कॉम्प्युटरमध्ये ‘टिंग’ झालं. नकाशेवाली खोकली. मग वायरकाकांच्यात टिंग झालं. वायरकाका खोकले. साहेबांचे एकदम सहा आले. ते खोकून खोकून लालबुंद झाले. ताईने त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“अंगावर काढू नका हो,” ती म्हणाली. “आमचा धाकटा अस्साच. बरं नाही म्हणून कळवायचा नाही कधी.”

साहेबांनी पाणी संपवलं आणि रिकाम्या ग्लासातून आणखी थोडा वेळ पीत राहिले.

“येईल म्हणा,” ताई खुर्चीत बसत म्हणाली. “बाराच्या ठोक्याला निघाला असणार. इकडे दार बंद, मग काय करेल बिचारा. असेल उभा कुठेतरी मध्ये.”

ती फॉर्मबद्दल बोलत होती. तरीसुद्धा तिघांनी दाराकडे पाहिलं.

चार वाजता कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला. त्यावर फॅक्सही येतात, याचा विचार कोणीच केला नव्हता. त्याने एक कागद काढला आणि ताईने, सगळ्यात जवळ ती बसायची म्हणून, तो घेतला. सकाळी तिनेच मेलवाल्यांकडे फोनवरून तक्रार नोंदवली होती, तिचं हे उत्तर. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सेवा ३.१० पासून सुरळीत आहे. आपले समाधान झाले असल्यास कळवावे.’

ताईने कागद वाचला. पुन्हा वाचला. घड्याळाकडे पाहिलं. मग वायरकाकांच्या खिशाकडे. वायरचं टोक बाहेर लोंबत होतं. वायरकाकांनी ते आत ढकललं, ते परत बाहेर आलं.

“आलाय ना त्याचा?” ताईने विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं.

“नको,” ती म्हणाली. “सांगू नका.”

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. फॉर्मची खिडकी त्यांनी केव्हाच बंद केली होती.

ताईने तोच कागद उलटा केला, पेन घेतलं आणि पाच मिनिटं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहीत बसली. कोणी खोकलं नाही. टिंग होत राहिलं. मग तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“मेल बंद आहेत ना,” ती म्हणाली, “म्हणून हाताने लिहिलाय.”

‘विषय: बिघाड पुढे चालू ठेवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त सेवा सुरू झाल्याचे कळले. माझे समाधान झालेले नाही. तरी बेटावरील केंद्राची आजची दुपारी बाराची नोंद अद्याप वाटेत आहे असे समजण्यात यावे, ती येथे पोचणार नाही अशी व्यवस्था व्हावी, आणि त्यासाठी सदर सेवा कायमची बंद ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.’