अकरा सेकंद

बाबांवरची फिल्म एडिट झाली होती. संगीतकार मयुराला ती पाठवायची म्हणून मी चित्राच्या कोपऱ्यात धावते सेकंद टाकले आणि तात्पुरतं लावलेलं संगीत काढलं. त्याखाली दडलेला माझाच आवाज कॅमेऱ्यामागून आला, "बाबा, तेच तेच काय सांगून राहिले?" हिंगण्याच्या कारखान्यातली गोष्ट अर्धवट सोडून बाबा अकरा सेकंद गप्प बसले होते. मी माझं वाक्य पुसलं आणि फाईल पाठवली. दुपारी मयुराचा फोन आला. "इथं काका काहून थांबले गा? काकूंची आठवण आली असन." मी "हो" म्हणालो. तिनं त्या अकरा सेकंदांवर बासरी घातली. पाहणारे तिथं डोळे पुसायचे. बाबांनीही फिल्म पाहिली. बासरी थांबेपर्यंत मी मान वर केली नाही. "बासरी चांगली आहे गा," ते म्हणाले. "मी बोलत राहिलो असतो, तं ऐकू आलीच नसती."