हिरवी वायर

“काका, ही हिरवी वायर का कापलीत?” लेकीच्या वयाच्या मॅडमनी विचारलं.

बावीस वर्षं एसी दुरुस्त करून तो केवळ सर्टिफिकेटसाठी प्रशिक्षणाला आला होता. सरावाच्या बोर्डावर पक्कड सवयीनंच चालली होती. “अर्थिंगवाचून काय अडतंय मॅडम? मशीन तिच्याशिवायही चालतं.” वर्ग हसला.

“मशीन चालतं, काका. ती वायर माणसासाठी असते. करंट गळला तर तिच्यातून जमिनीत जातो. ती नसेल तर हात लावणाऱ्यातून.”

त्याची मान खाली गेली. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्यानंच बहिणीकडे एसी बसवला होता. गॅलरीतल्या युनिटजवळ कपडे वाळत घालताना हाताला मुंग्या येतात, असं ती सांगायची. “साठी आली, अक्का. मुंग्या यायच्याच!” तो चिडवायचा.

वर्गातून तो थेट तिच्याकडे गेला. गळती काढली, हिरवी वायर जोडली. अक्कानं भीत भीत युनिटला हात लावला.

“अरे बापू, मुंग्या नाहीत! डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या बघ.”

“गोळ्या बंद कर, अक्का,” तो खाली बघत म्हणाला. “दुखणं माझ्या हातातलं होतं.”