अडतिसाव्या मिनिटाचा जोड

"शनिवारी दुपारी तीनचा खेळ," म्हणत लेकीने पेपर त्याच्या ताटाशी सरकवला. "तुमच्या टॉकीजला या आठवड्यात सगळे जुने सिनेमे लागलेत. चौथं नाव बघा. लॉजवाला."

टॉकीजच्या केबिनमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटरने नाव वाचलं. घास तोंडातच घोळत राहिला.

"त्यात काय बघायचंय? आला तेव्हा चार दिवसांत उतरवला होता."

"आता पोरं डोक्यावर घेऊन नाचतात त्याला. संवाद तोंडपाठ असतात त्यांचे. आणि ही नवी कॉपी आहे, हरवलेले तुकडे घालून केलेली. तिकिटं काढलीत मी. नाही म्हणू नका."

हरवलेले म्हणे. ऑपरेटर पाणी प्यायला आणि हो म्हणाला.

लेक तीन वर्षांची असताना बायको सिनेमात काम करायचं म्हणून घर सोडून गेली. आई तापाने गेली, असं त्याने लेकीला सांगितलं. खोटं एकदा बोललं की ते निस्तरत बसावं लागतं. त्याने भिंतीवर फोटो लावला, आजारपणाच्या दोन-तीन आठवणी रचल्या, आणि हळूहळू त्याच्या लेखीही ती गेलीच.

वर्षभराने तो सिनेमा आला. पहिल्या खेळाआधी प्रिंट तपासताना त्याला ती दिसली. लॉजच्या काउंटरमागे उभी राहून, किल्ली पुढे करत ती म्हणत होती, "खोलीला खिडकी नाही. चालेल?" तिचं काम तेवढंच. सोळा सेकंदांचं.

ऑपरेटरने कात्री घेतली, तेवढा तुकडा कापला आणि दोन टोकं जोडून टाकली. त्याचा जोड पडद्यावर कुणाच्या बापाला दिसत नसे. मशीनमधून जाताना फक्त बारीक 'टक' वाजे, तेही केबिनमध्ये. त्या भागात फिरणारी प्रिंट एकच. ती इथूनच पुढे सगळ्या टॉकीजना गेली आणि त्या किल्लीच्या प्रसंगावाचून फिरत राहिली; पुढे बरीच वर्षं मे महिन्यात इथेही सकाळच्या खेळाला परत लागायची. कापलेला तुकडा मात्र त्याच्याच्याने फेकवला नाही. कपाटावर बिस्किटांच्या डब्यात तो पडून होता. मागच्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा लेकीने डबा पुसून परत वर ठेवला होता.

शनिवारी टॉकीज भरलं होतं. लेकीने पलीकडच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली.

"इथे कोणी आहे?" एका माणसाने विचारलं.

"येतंय," ती म्हणाली.

ऑफिसातली मैत्रीण असेल, असं ऑपरेटरला वाटलं. दिवे गेले. पोरं हिरोच्या आधीच संवाद म्हणत होती, हसत होती. तो घड्याळाकडे बघत होता. वीस मिनिटं झाली. पंचवीस. पोटात दुखतंय म्हणावं आणि हिला बाहेर न्यावं, असं त्याने ठरवलं, पण पाय उचलले नाहीत. लेक आता फोटोतला चेहरा ओळखणार आणि पुन्हा कधी आपल्याला बाबा म्हणणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटत मात्र काहीच नव्हतं, बसून बसून मुंग्या आलेल्या पायासारखं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "सुट्टीत मी केबिनमध्ये येऊन बसायचे, आठवतं? या सिनेमाला अडतिसाव्या मिनिटाला मशीन टक करायचं."

"जुनी प्रिंट होती. तुटली असेल."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. रागावलेली दिसली नाही. पडद्यावर पाऊस लागला, हिरोची गाडी बंद पडली आणि तो लॉजच्या पायऱ्या चढू लागला. छत्तीस मिनिटं झाली होती.

दाराचा पडदा सरकला. उशिरा आलेली कुणी बाई खुर्च्यांच्या पाठी चाचपडत, माफी मागत त्यांच्या रांगेत शिरली. पांढरे केस, हातात काठी. लोकांनी पाय आवरले. ऑपरेटरनेही आवरले.

लेकीने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, आई," ती म्हणाली. "तुझा सीन अजून व्हायचाय."