ढब्बूची कुपी

दोरीवर वाळणारा निळा सदरा. बशीत तशीच राहिलेली सुकट. खोबरेलाचा वास सोडणारी काचेची कुपी.

मालक गावी गेले की मांजरं सांभाळणाऱ्या मिरजेच्या मांजरघरात प्रत्येक पिंजऱ्याशी अशी कुपी असे. मालकाच्या अंगाचा एकदा टिपलेला वास ती हवे तितके दिवस हुबेहूब बनवी. त्यामुळे मांजरं परक्या जागीही जेवत.

हेमलताकाकू ढब्बू बोक्याला न्यायला एकट्याच आल्या. त्यांचे यजमान यशवंतराव प्रवासातच वारले होते.

"रेश्मा, ढब्बू राहू दे. आधी ह्यांचा वास दे. घरात कुठेच उरला नाही गं."

मांजरघर चालवणाऱ्या रेश्माने मान खाली घातली. "काकू, कुपीत तुमचा वास आहे. आम्ही एकाच माणसाचा घेतो."

"पण तो निजायचा ह्यांच्या पोटावर!"

"म्हणून तर नीट जेवला नाही. त्याचं नाव नोंदवताना मी विचारलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, 'ह्यांचा घाम कशाला? खायला मी घालते, बोका माझा.'"

काकूंनी कुपी नाकाशी धरली. खोबरेल, हळद, त्या स्वतः. ढब्बू त्यांच्या मागच्या रिकाम्या दाराकडे बघत होता.

ढब्बूचं नाव नोंदवायच्या सकाळी यशवंतरावांनी दोन दिवस वापरलेला आपला निळा सदरा कुपीसाठी पिशवीत भरला होता. काकूंनी तो काढून धुवायला टाकला.